वेण्णा लेकचा ‘बर्फ’ येतो कुठून?

तिसगावहून बोलतोय. डिसेंबर लागला की आमच्या ट्रेकर ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: “महाबळेश्वरला बर्फ पडला का?” आज त्या बर्फाचीच गोष्ट.

१८२९ साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून ही जागा मिळवली, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. इथे वसलं माल्कम पेठ. साहेबाला हवा होता उन्हाळ्यातला गारवा. पुढे १८४२ मध्ये आप्पासाहेब महाराजांनी पाण्यासाठी वेण्णा तलाव बांधला. आपण बर्फ बघायला जातो तो याच तलावाकाठी.

आता गंमत बघा. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर थंड होते. गार हवा जड, ती उतारावरून तलावाच्या खोलगट भागात येऊन साचते. मोबाईलवर सात-आठ अंश दिसत असले तरी गवताच्या पात्यावर पारा शून्याखाली जातो आणि दव गोठतं. म्हणजे हा बर्फ वरून पडतच नाही, तो जागेवरच तयार होतो. खरं नाव हिमकण.

आपल्या पाथर्डीकडे थंडी वाढली की गहू-हरभरा खुश. तिकडे मात्र तलावालगत स्ट्रॉबेरीचे मळे आहेत. आपण ज्याची रील काढतो, त्याच हिमकणांनी फुलं आणि कोवळी फळं काळी पडतात. तेव्हा फोटो बांधावरूनच काढा. आत कुणाचा तरी अख्खा हंगाम उभा असतो.