हवा बदलली की गाडीचा धूर का बदलतो?

तीच गाडी, तेच इंजिन, तेच इंधन. तरीही भिंगारच्या रस्त्यावर मे महिन्यातल्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे तिच्या धुरात फरक पडतो. असं का होतं?

उन्हाळा आणि उंची
हवा तापली की विरळ होते. १५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४० अंशांना तेवढ्याच जागेत सुमारे ८ टक्के कमी हवा मावते. त्यात हा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच, म्हणजे हवेचा दाब आधीच जवळपास ७ टक्के कमी. कार्ब्युरेटरवरच्या जुन्या गाडीला हा बदल नीट कळत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. जुन्या डिझेल इंजिनात हवा कमी पडली की काळा धूर येतो. नव्या बीएस-६ गाड्यांमध्ये सेन्सर हवेचा अंदाज घेऊन इंधन कमी-जास्त करतात.

दमट हवा
हवेतली वाफ ज्वलनाचं तापमान थोडं उतरवते. त्यामुळे पावसाळ्यात नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात.

थंडी
थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त इंधन लागतं. सायलेन्सरच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणून पहिली काही मिनिटं सर्वाधिक प्रदूषणाची.

मग चाचणी कशी होते?
वाहन मंजुरीच्या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक, डीआरडीओची व्हीआरडीई, अहिल्यानगरजवळच वाहननगरला आहे. अशा चाचण्यांत प्रयोगशाळेचं तापमान ठरावीक मर्यादेत ठेवतात आणि नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा आर्द्रतेनुसार दुरुस्त करतात. १ एप्रिल २०२३ पासून कार प्रत्यक्ष रस्त्यावरही तपासल्या जातात, कारण रस्त्यावरची हवा कुणी ठरवून देत नाही.

तुम्ही काय कराल?
पीयूसी केंद्रावर मात्र त्या दिवशी असेल तीच हवा. म्हणून इंजिन चांगलं गरम झाल्यावरच चाचणी करा. एअर फिल्टर आधी साफ करून घ्या. धुळीने तो चोंदला की विरळ हवेचाच त्रास दुप्पट होतो. प्रदूषणाची मर्यादा ओलांडणारी गाडी चालवल्यास कायद्यात १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तिथे उन्हाचं कारण चालत नाही.