विदर्भातील दलित नियतकालिके
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विदर्भातील पूर्वास्पृश्य कार्यकर्त्यांनी चालविलेली, अल्प भांडवलाची व बहुधा अल्पजीवी ठरलेली मराठी पत्रे. नागपूर हे त्यांचे मुख्य केंद्र होते. तत्कालीन मध्य प्रांताच्या नागपूर विभागात नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा (विद्यमान चंद्रपूर) व बालाघाट हे जिल्हे मोडत. महार समाजाची वस्ती या विभागात मोठी होती. मराठीत ‘लघुनियतकालिक’ वा ‘अनियतकालिक’ या संज्ञा १९६० च्या आसपास निघालेल्या वाङ्‌मयीन अंकांमुळे रूढ झाल्या. तथापि तुटपुंजा पैसा, मोजका वाचक आणि प्रस्थापित पत्रांत न मिळणारी जागा स्वतः निर्माण करण्याची धडपड ही त्यांची लक्षणे या पत्रांत सुमारे अर्धशतक आधीच आढळतात. फरक असा, की साठनंतरच्या अनेक संपादकांनी अनियमितपणा हौसेने पत्करला. नागपूरच्या संपादकांवर तो परिस्थितीने लादला होता.

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या दीनबंधु या सत्यशोधक पत्राने बहुजन समाजाला स्वतःचे व्यासपीठ दिले. गोपाळबाबा वलंगकर यांनी त्यात लेखन केले. त्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांचे सोमवंशीय मित्र हे मासिक १९०८ मध्ये पुण्यात निघाले. विदर्भात हे कार्य प्रामुख्याने किसन फागूजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी केले. नागपूरजवळील मोहपा हे त्यांचे जन्मग्राम. १९०३ मध्ये त्यांनी ‘सन्मार्ग बोधक निराश्रित समाज’ ही संस्था स्थापली आणि मुलींच्या शिक्षणासाठीही प्रयत्न केले. प्रारंभी ते इतरांच्या पत्रांतून लिहीत. मुंबईच्या सुबोध पत्रिकेतील १९०९ च्या लेखनात, अस्पृश्य हे या भूमीचे मूळ रहिवासी असून बाहेरून आलेल्या आर्यांनी त्यांना जिंकून हीन केले, असा विचार त्यांनी मांडला. परक्याच्या पत्रात असे किती काळ लिहिता येईल, हा प्रश्न उघडच होता. १९१० मध्ये त्यांनी स्वतःचा छापखाना काढला.

त्यांच्या चार पत्रांची नावे अनुक्रमे वाचली, तर त्यांच्या विचाराचा प्रवास ध्यानात येतो. पहिले निराश्रित हिंद नागरिक (१९१०). ‘निराश्रित’ हा त्या काळी अस्पृश्यांसाठी सुधारकांनी रूढ केलेला शब्द होय. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या १९०६ च्या ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’च्या नावातही तो आहे. आश्रयाची अपेक्षा सूचित करणाऱ्या या शब्दाला बनसोडे यांनी ‘नागरिक’ हे पद जोडले व दयेच्या भाषेत हक्काची भाषा आणली. मतदानाचा अधिकार फारच थोड्यांना असलेल्या काळात हे शीर्षक धाडसाचेच म्हटले पाहिजे. दुसरे विटाळ विध्वंसक (१९१३). वलंगकरांच्या विटाळ विध्वंसन या पुस्तिकेचे स्मरण या नावात उघड आहे. तिसरे मजूर पत्रिका (१९१८–२२). १८७७ पासून चालू असलेल्या एम्प्रेस मिलमुळे नागपूर हे गिरणी कामगारांचे शहर बनले होते. बनसोडे स्वतः कामगारांच्या चळवळीत होते. जातीचा प्रश्न व मजुरीचा प्रश्न एकाच माणसाचे आहेत, ही जाणीव या नावामागे दिसते. चौथे चोखामेळा (१९३१–३६).

या पत्रांचे आयुष्य अल्प असण्याची कारणे अनेक आहेत. १९१० च्या मुद्रण कायद्यान्वये नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत अनामत मागता येई. ती माफ करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास असला, तरी टांगती तलवार राहतच असे. त्यातच साक्षरता अत्यल्प. ज्यांच्यासाठी अंक निघे, त्यांपैकी बहुतेकांना तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. म्हणजे श्रोते अनेक, पण वर्गणीदार एखादाच. जाहिरातींचा आधारही बेताचाच. मुंबईत १९२० मध्ये निघालेल्या मूकनायकाची जाहिरात केसरीने पैसे देऊनही छापली नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मूकनायकास अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. नागपूरच्या पत्रांच्या पाठीशी असा संस्थानिक नव्हता.

रेल्वेमार्गाने नागपूरशी जोडलेल्या भंडारा जिल्ह्याचा या चळवळीशी निकटचा संबंध होता. गोंदिया (१ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा) हे त्या वेळी भंडारा जिल्ह्यातील व्यापारी गाव. तेथील कालीचरण नंदागवळी हे मध्य प्रांताच्या कायदे मंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी होते. मे-जून १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेने विदर्भातील व मुंबई इलाख्यातील कार्यकर्ते एकत्र आणले. त्यानंतर बहिष्कृत भारत (१९२७–२९) व जनता (१९३०) या आंबेडकरांच्या पत्रांनी अखिल महाराष्ट्रीय स्वरूप धारण केले आणि स्थानिक पत्रांचे महत्त्व ओसरले.

मात्र बनसोडे यांच्या पत्रांच्या विस्मृतीला आणखी एक कारण आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आंबेडकरांनी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली. संत चोखामेळ्याच्या परंपरेत राहून हिंदू समाजात समतेचे स्थान मिळवावे, असे मानणाऱ्या बनसोडे यांनी तीस विरोध केला. ज्या संताचे नाव त्यांनी पत्राला दिले, तोच नव्या पिढीला शरणागतीचे प्रतीक वाटू लागला. १९३६ मध्ये चोखामेळा बंद पडले. १९५४ मध्ये आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले (तीत ते पराभूत झाले) आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले, तोवर बनसोडे यांची पत्रे मागे पडली होती. बनसोडे यांची धर्मविषयक भूमिका काळाने मागे टाकली, हे खरे. परंतु त्यामुळे ‘नागरिक’ व ‘मजूर’ हे शब्द नागपूरच्या दलित पत्रसृष्टीत आणणाऱ्या संपादकाचेही विस्मरण व्हावे, हे न्याय्य नाही.

पुढील टप्पा विदर्भाबाहेर सुरू झाला, पण विदर्भाच्याच माणसांकडून. औरंगाबादच्या (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६७-६८ च्या सुमारास अस्मिता हे नियतकालिक निघाले. त्यातूनच पुढे अस्मितादर्श हे त्रैमासिक उभे राहिले. त्याचे संपादक गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) हे नागपूरचे. त्याच सुमारास मुंबईत सत्यकथेच्या वाङ्‌मयीन वर्चस्वाला आव्हान देणारी अनियतकालिके निघत होती. त्यांतील राजा ढाले व नामदेव ढसाळ हे १९७२ मध्ये दलित पँथरच्या संस्थापकांपैकी होते. मुंबईचे बहुतेक अंक काही वर्षांत थांबले. अस्मितादर्श मात्र पानतावणे यांनी अनेक दशके चालविले, आणि त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी गावोगावच्या नवोदितांना एकत्र आणले. पानतावणे यांनी आंबेडकरांच्या पत्रकारितेवर ग्रंथही लिहिला.