कापसाचा हंगाम आणि तान्ह्याची झोंप

मूल जन्मतें तेव्हां त्याला दिवस-रात्रीचें भान नसतें. पोट लहान, भूक वारंवार. म्हणून झोंपहि तुकड्यातुकड्यांची. तीन-चार महिन्यांनंतर रात्रीची झोंप लांबूं लागते. सहाव्या महिन्याच्या सुमारास दिवसाच्या झोंपा दोन-तीन उरतात. दीड वर्षाच्या आसपास एकच, दुपारची, राहते व तीन ते पांच वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांची तीहि सुटते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांत पहिल्या तीन महिन्यांत चोवीस तासांपैकीं १४ ते १७ तास, पुढें अकरा महिन्यांपर्यंत १२ ते १६, एक-दोन वर्षांच्या मुलास ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोंप सांगितली आहे. सुशिक्षित घरांतील आई हा हिशेब घड्याळाकडे पाहून जुळवूं शकते. परंतु ही सोय फार जुनी नाहीं, आणि सर्वांची तर ती कधींच नव्हती.

घड्याळाप्रमाणें मूल निजविण्याचा आग्रह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बळावला. अमेरिकेंतील डॉक्टर ल्यूथर एमेट होल्ट यांचें बालसंगोपनावरील पुस्तक १८९४ सालीं निघालें. न्यूझीलंडमध्यें डॉक्टर ट्रबी किंग यांनीं १९०७ सालीं संस्था स्थापून, ठरलेल्या तासांनींच पाजावें व निजवावें, हा दंडक घरोघर पोंचविला. त्यांतील कडकपणा पुढें वैद्यांनींच सैल केला, हें बरेंच झालें. मात्र या वेळापत्रकांत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली होती: मुलाजवळ दिवसभर कोणी तरी मोकळें माणूस आहे. त्याच काळांत आपल्या वऱ्हाडांत, बुलढाणा जिल्ह्यांत, मोकळें माणूस दिवसेंदिवस दुर्मिळ होत होतें.

शेतकरी कुटुंबांत मुलाची झोंप पूर्वीं आईच्या हाताशीं असे. घरीं आढ्याला टांगलेला पाळणा. शेतांत बाभळीच्या किंवा निंबाच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी. निंदणी-वेचणी करणारी आई मूल रडलें कीं पात सोडून येई, पाजी, दोन झोके देई व पुन्हां कामाला लागे. हें जीवन सुखाचें होतें असें म्हणण्याचें कारण नाहीं. ऊन, विंचूकांटा व उपास त्यांत होतेच. पण झोळी आणि आई यांच्यामध्यें भिंत नव्हती.

ती भिंत कापसाच्या व्यापारानें घातली. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८७० सालीं जलंब ते खामगांव हा लोहमार्गाचा फांटा लॉर्ड मेयो यांच्या हस्तें सुरू झाला. खामगांव, मलकापूर, शेगांव येथें जिन व प्रेस उभे राहिले. गांसड्या बांधण्याचें काम पुरुषांचें. जिनाच्या तोंडीं कापूस घालण्याचें काम मुख्यतः बायांचें. दिवाळीनंतर सुरू होणारा हा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चाले, आणि वर्षाची पुष्कळशी रोकड याच महिन्यांत हातीं येई.

काम किती वेळ चाले, याची कल्पना शेजारच्या खानदेशावरून येते. १८८४-८५ सालीं मुंबई सरकारनें नेमलेल्या कारखाना चौकशी मंडळापुढें तेथील जिनांविषयीं साक्षी झाल्या. नेहमींच्या दिवसांत पहाटे चार-पांचला सुरू झालेलें यंत्र रात्रीं आठ-नऊपर्यंत चाले. गर्दीच्या दिवसांत तेच मजूर, व त्यांत बहुतेक स्त्रिया, आठ-आठ दिवस रात्रंदिवस राबत. अशा आईच्या तान्ह्यानें केव्हां निजावें? यंत्राच्या घरघरींत, कापसाच्या धुळींत, गोणपाटावर. नाहीं तर दुसऱ्या लहान मुलाच्या मांडीवर.

आणि अफूवर. ही गोष्ट टाळून या विषयाचा इतिहास लिहितां येत नाहीं. पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत तान्ह्यास अफूचा कण चाटविण्याची चाल जुनी व सर्वत्र पसरलेली होती. १८९३ सालीं नेमलेल्या शाही अफू मंडळापुढेंहि तिची चर्चा झाली. मुंबईच्या गिरणगांवांत तिच्या गोळ्यांना ‘बाळगोळी’ असें गोड नांव मिळालें. अफूनें येणारी गुंगी ही झोंप नव्हे. ती श्वास मंद करते, भूक मारते. मूल रडत नाहीं म्हणून त्याला पाजलें जात नाहीं, आणि तें शांतपणें वाळत जातें. या आयांना निष्काळजी ठरविणें सोपें होतें, व पुष्कळांनीं तसें ठरविलेंहि. बारा तास दूर असणाऱ्या बाईपुढें दुसरा कोणता उपाय ठेवला होता, हें विचारणारे थोडे.

कायदा आला तो मुलाच्या नांवानें नव्हे. १९११ च्या कारखाना कायद्यानें स्त्रियांना रात्रीं कामावर ठेवण्यास बंदी केली. परंतु कापसाचे जिन-प्रेस त्यांतून वगळले! जेथें बंदीची सर्वांत अधिक गरज, तेथेंच सूट. १९२२ च्या कायद्यानें ती मोडली आणि संध्याकाळीं सात ते पहाटे साडेपांच हा काळ स्त्रियांना मोकळा झाला. कायदेमंडळांतील कोणाच्या मनांत तें असो वा नसो, वऱ्हाडांतील मजुराच्या मुलास मिळालेली निजण्याची पहिली सरकारी वेळ हीच.

दिवसाच्या झोंपेचा प्रश्न मागेंच राहिला. १९३१ सालीं व्हिटले मंडळानें पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कायद्यानें प्रांतिक सरकारांस तसे नियम करण्याचा अधिकार दिला आणि १९४८ च्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठीं पाळणाघर सक्तीचें केलें. ही संख्या १९७६ सालीं तीसवर आली. त्याहून कमी बाया असलेला जिन मोकळा सुटला. आणि ज्या शेतांतून कापूस येतो, त्यांतील मजूर बाई तर या कायद्याच्या कक्षेंतच नव्हती.

१९७५ सालीं सुरू झालेल्या अंगणवाडीनें तीन ते सहा वर्षांच्या मुलांस दिवसाचे कांहीं तास बसण्यास जागा दिली. ज्यांना दिवसा दोन-तीनदां निजावें लागतें तीं तान्हीं मात्र घरींच, किंवा बांधावर, राहिलीं. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांस दिवसभर सांभाळणारें पाळणाघर अंगणवाडीला जोडण्याची केंद्र सरकारची योजना २०२२ सालीं आली. तिचें नांव ‘पाळणा’ असेंच ठेवलें आहे.