शब्दाचा देह

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत, त्याच्या लॅटिन भाषांतरांत, ‘व्हेर्बुम कारो फाक्तुम एस्त’ असें एक वाक्य आहे. ‘शब्द मांस झाला’ हा त्याचा सरळ अर्थ. रोमन पंथाच्या जुन्या पद्धतीप्रमाणें मिस्साच्या अखेरीस हें वाक्य येतांच उपासक गुडघा टेकीत. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत उपासनाविधि बदलेपर्यंत ही प्रथा चालू होती.

‘व्हेर्बुम’ म्हणजे केवळ मुखांतून निघालेला ध्वनि नव्हे. मूळ ग्रीक ‘लोगोस’ या शब्दांत वाणी, विचार आणि विश्वाचें नियमन करणारा विवेक हे सर्व अर्थ सामावले आहेत. १५१९ सालीं इरास्मुस या पंडितानें त्याऐवजीं ‘सेर्मो’ हा प्रतिशब्द योजला, तेव्हां विद्वानांत मोठा वाद माजला. ‘कारो’ हा शब्द तर त्याहून कठोर. ख्रिस्ताचा देह हा निव्वळ आभास होता, असें मानणारे पंथ आरंभींच्या शतकांत होते. भूक, जखम आणि मृत्यु ज्याला चुकत नाहींत असें खरेंखुरें मांस या शब्दानें पुढें ठेवलें, आणि आभासवादाला जागा उरली नाहीं.

मराठी मनाला येथें ज्ञानेश्वरीचें स्मरण होणें साहजिक आहे. देगलूर हें गुंडा महाराजांचें गांव. ज्ञानेश्वरीचे विख्यात निरूपणकार धुंडा महाराज देगलूरकर त्याच परंपरेंतले. त्या ग्रंथाच्या प्रारंभीं ज्ञानदेवांनीं शब्दब्रह्मालाच गणेशमूर्तीचें रूप दिलें असून स्मृति हे त्या मूर्तीचे अवयव कल्पिले आहेत. तेथेंही शब्द देहधारी होतो. परंतु तें रूपक आहे. योहानाचें विधान इतिहासांत एकदांच घडलेल्या घटनेविषयीं आहे.

हा आशय मराठींत आणण्याचें कार्य थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें अंगावर घेतलें. १५७९ सालीं तो गोव्यास आला आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें सुमारें ११,००० ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. लिपि रोमन असली तरी छंद ओवीचा होता, आणि स्वर्गाला त्यानें ‘वैकुंठ’ म्हटलें. परिचित शब्द योजावा तर श्रोत्याला त्यांत जुनाच अर्थ ऐकूं येण्याचें भय. टाळावा तर सारा उपदेश परका. स्टीफन्सनें पहिलें भय पत्करलें.

पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडावी, असा हुकूम काढला. शब्दाला देह लागतो असें मानणाऱ्या धर्माच्या राज्यांतच लोकभाषेचा देह नाकारला गेला. तरीही हस्तलिखितांच्या आश्रयानें पुराण टिकलें आणि १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ साल्डाना यांनीं तें पुन्हा छापून प्रसिद्ध केलें. राजाज्ञेपेक्षां ओवीच दीर्घायुषी ठरली.