हद्दीच्या दोन बाजू

बडोदे राज्याचा मुलूख आणि इंग्रजी अमलातील खेडा, भडोच हे जिल्हे परस्परांत गुंतलेले होते. भाषा एक, पिके तीच. तरी शाळांची वाट निराळी का झाली, याचा शोध आम्हांस कायद्यापाशी नेतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९०६ मध्ये ते राज्यभर लागू झाले. मुले गैरहजर राहिल्यास पालकांस दंड होई. हद्दीपलीकडे मात्र नामदार गोखल्यांचे १९११ चे विधेयक पुढल्याच वर्षी फेटाळले गेले आणि १९१८ चा मुंबई इलाख्याचा कायदा नगरपालिकांपुरताच राहिला. आमच्या वाडवडिलांनी या राज्याची चाकरी केली. तो वारसा सांगताना आपल्या वाडीतील सरकारी शाळेच्या हजेरीपटाकडेही आपण पाहावे.