घाशीराम कोतवाल

विजय तेंडुलकर (1928–2008) यांचे मराठी नाटक. पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात, भरत नाट्य मंदिरात, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्ययोजना कृष्णदेव मुळगुंद. पेशव्यांचा कारभारी नाना फडणीस मोहन आगाशे यांनी रंगवला.

पेशवाईतील पुण्यात अपमानित झालेला परप्रांतीय ब्राह्मण घाशीराम, आपली मुलगी नानाच्या वासनेपुढे ठेवून कोतवाली मिळवतो. शहराला छळतो आणि उपयोग संपताच जमावाच्या हाती दिला जातो. इतिहासातील घाशीरामाचा अंत 1791 मध्ये झाला. तेंडुलकरांनी मात्र आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचेच बजावले होते.

प्रयोगाचा प्राण म्हणजे माणसांचा पडदा. धोतर-शेंडीतले नट प्रेक्षकांसमोर रांगेत उभे राहून डुलत, गात. पाठ फिरवली की भिंत, रांग फुटली की गर्दी. याच रांगेआड कधी बावनखणी ही कलावंतिणींची वस्ती, कधी नानाचा वाडा. कीर्तन, लावणी, दशावतार यांचा हा मेळ केवळ लोककलेची सजावट नव्हे. देवाच्या नामघोषाखालीच दुष्कृत्य उरकले जाते आणि तालावर डोलणारा प्रेक्षकही त्यात नकळत सामील होतो.

नानांची व ब्राह्मणांची बदनामी झाल्याच्या आरोपावरून 19 प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. बाहेर पडलेल्या कलावंतांनी 1973 मध्ये थिएटर अकॅडमी स्थापून ते पुन्हा उभे केले. 1980 मध्ये, विरोधाला तोंड देत, नाटक युरोपच्या दौऱ्यावरही गेले.