संदर्भ-ध्वनिमुद्रिका : ध्वनिमिश्रणातील एका मापाचा इतिहास

गावयास बसण्यापूर्वी गवई तंबोरा जुळवून घेतो आणि मैफल संपेपर्यंत त्याचा प्रत्येक स्वर त्या षड्जाच्या साक्षीने लागतो. ध्वनिमुद्रणगृहात मिश्रण करीत बसलेल्या तंत्रज्ञापुढे असा षड्ज नसतो. स्वतंत्रपणे मुद्रित केलेले गायन, तबला, सारंगी, गिटार यांचे परस्परांशी प्रमाण कोणते असावे, खर्जाचा भार किती आणि तारस्वरांची धार किती, याचा निर्णय त्याला कानानेच करावा लागतो. कान हे इंद्रिय तर असे आहे की, तास-दोन तासांच्या श्रवणानंतर ते कोणत्याही विकृतीला सरावते. म्हणून तो मधूनमधून दुसऱ्या कोणाची तरी, उत्तम म्हणून मान्यता पावलेली मुद्रिका लावतो आणि आपले काम तिच्याशी ताडून पाहतो. हीच संदर्भ-मुद्रिका होय. ती कोणती निवडावी हा प्रश्न वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. तथापि या मापाला शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यात मापानेच मोजणाराला फसविल्याचे प्रसंगही आहेत.

त्यांतील पहिला प्रसंग एडिसनच्या नावाशी निगडित आहे. त्याच्या कंपनीची ‘डायमंड डिस्क’ ही तबकडी १९१२ साली निघाली आणि तिच्या प्रचारासाठी १९१५ पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेत गावोगावी ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर प्रयोग करण्यात आले. रंगमंचावर यंत्र ठेवलेले असे व त्याच्या शेजारी प्रत्यक्ष गायिका उभी राही. कधी ती गाई, कधी तिची तबकडी गाई. मध्येच दिवे मालवले जात आणि गाते आहे ते कोण, हे ओळखण्याचे आव्हान श्रोत्यांना देण्यात येई. आपल्याला फरक कळला नाही, असे अनेकांनी प्रामाणिकपणे सांगितले. या प्रयोगांतील एक गायिका ॲना केस हिने पुढे उतारवयात जे सांगितले ते मोठे मार्मिक आहे : आपण मोकळ्या गळ्याने गायिलो असतो तर यंत्रापेक्षा आपला आवाज मोठा झाला असता. म्हणजे माप म्हणून जी उभी होती, तीच मोजावयाच्या वस्तूप्रमाणे स्वतःला बेतून घेत होती! श्रोत्यांना खोटे ठरविण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे ठेवलेली तुलनाच मुळात समतोल नव्हती.

१९२५ साली मायक्रोफोन व विद्युत्-वर्धक यांच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले आणि ध्वनीची उंची हवी तशी कमी-अधिक करणे शक्य झाले. ही सोय आली तशी एक नवी अडचणही आली. तिचे स्वरूप बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांनी स्पष्ट केले. ध्वनी हळू असता कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो, अतितार स्वरही काहीसे कमी भासतात. ध्वनी मोठा केला की हीच उणीव भरून निघते. याचा मिश्रणाशी असलेला संबंध फार निकटचा आहे. एकच मुद्रण दोनदा लावले व दुसऱ्या वेळी किंचित मोठ्याने लावले, तर ऐकणारा दुसरे अधिक भरीव व अधिक स्वच्छ असल्याचा निर्वाळा देईल. बाजारात आलेली मुद्रिका ही अखेरचे सर्व संस्कार होऊन मोठ्या आवाजात सिद्ध झालेली असते. तंत्रज्ञापुढील अपुरे मिश्रण तिच्या मानाने हळू असते. दोन्ही तशीच लागोपाठ ऐकल्यास तो आपल्या मिश्रणात विनाकारण खर्ज भरतो, विनाकारण धार चढवितो. म्हणून संदर्भ-मुद्रिका प्रथम आपल्या मिश्रणाच्या उंचीवर उतरवून घ्यावी, हे पहिले पथ्य. ते पाळले नाही तर निवड कितीही चोखंदळपणे केलेली असो, ती व्यर्थ होय.

मिश्रण हे वेगळे कर्म म्हणून उदयास आले ते बहुपट्टी मुद्रणानंतर. न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीने १९५८ साली आठ पट्ट्यांचे यंत्र वापरात आणले. १९७० नंतर सोळा व चोवीस पट्ट्या सर्रास झाल्या. एकेका वाद्याचे स्थान मागाहून ठरविता येऊ लागताच, ते कसे ठरवावे याचे नमुने शोधणे ओघानेच आले. स्टीली डॅन या अमेरिकन वाद्यवृंदाची १९७७ ची ‘एजा’ आणि त्याच वृंदातील डोनाल्ड फेगन याची १९८२ ची ‘द नाइटफ्लाय’ या मुद्रिकांना अशा नमुन्याचा मान विशेषत्वाने मिळाला. ‘एजा’ला ध्वनिमुद्रणाबद्दल ग्रॅमी पारितोषिक लाभले, तर ‘द नाइटफ्लाय’ ही लोकप्रिय संगीतातील सर्वस्वी अंकीय पद्धतीने मुद्रित झालेल्या आरंभीच्या मुद्रिकांपैकी एक होय. गावोगाव हिंडणारे ध्वनिव्यवस्थापक रिकाम्या सभागृहात तिच्यातील पहिलेच गीत लावून कर्ण्यांची परीक्षा घेत असत. त्या सर्वांनाच ते गीत मनापासून प्रिय होते असे समजण्याचे कारण नाही; शेकडो वेळा ऐकल्यावर ते प्रिय राहिले असेल का, याचीच शंका वाटते. पण ते त्यांना मुखोद्गत होते. मुद्रिका तीच व सभागृह नवे, तेव्हा जो फरक ऐकू येईल तो सभागृहाचा, हा त्यामागील तर्क. संदर्भ-मुद्रिका आपल्याला प्रथम खोलीविषयी सांगते, संगीताविषयी नंतर.

परंतु ही मुद्रिकाही कोणत्या तरी खोलीतच जन्मलेली असते. ध्वनिक्षेपकांची पारख मुद्रिकांवरून करावयाची आणि मुद्रिका तयार करावयाच्या त्या ध्वनिक्षेपकांवरच ऐकून, या परस्परावलंबनाला कॅनडातील संशोधक फ्लॉइड टूल यांनी ‘गोंधळाचे वर्तुळ’ म्हटले आहे. यामाहा कंपनीचा एनएस-१० हा छोटा ध्वनिक्षेपक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९७८ साली तो घरगुती श्रवणासाठी निघाला. खर्ज दुबळा आणि मधला पट्टा कर्कश, अशी त्याची प्रकृती. घरोघरी त्याचे कौतुक झाले नाही. पण पुढील दशकात तो जगभरच्या मुद्रणगृहांत मिश्रकाच्या मेजावर जाऊन बसला आणि २००१ साली उत्पादन थांबल्यावरही तेथून हलला नाही. त्या काळातील कितीतरी मुद्रिकांचा तोल त्याच्या कर्कशपणाशी झगडूनच ठरलेला आहे. एकाच मुद्रिकेवर विसंबणारा तंत्रज्ञ तिच्या जन्मखोलीचे दोषही नकळत उचलतो. वेगवेगळ्या हातांनी व वेगवेगळ्या ठिकाणी सिद्ध झालेल्या तीन-चार मुद्रिका ठेवल्यास हा धोका बराच टळतो. त्या सर्वांत जे समान आढळेल तेवढेच ग्राह्य.

येथवर संदर्भ-मुद्रिकेचा विचार आदर्श म्हणून झाला. तिचे दुसरे रूप कसोटीचे आहे. जर्मनीत एर्लांगेन येथे कार्ल्हाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे ध्वनीची माहिती अल्प जागेत साठविण्याची पद्धती तयार करीत होते. हीच पुढे एमपी-३ या नावाने सर्वत्र पसरली. सुझान व्हेगा हिचे १९८७ च्या मुद्रिकेतील ‘टॉम्स डायनर’ हे गीत ध्वनिक्षेपकांच्या परीक्षेसाठी वापरतात, असे त्यांच्या वाचनात आले. या गीताला कसलीही वाद्यांची साथ नाही. एक स्त्री एकटी, जवळजवळ बोलल्यासारखी गाते. इतर संगीतावर बरी चालणारी ही पद्धती त्या एकाकी आवाजावर मात्र सपशेल पडली. वाद्यांच्या गर्दीत जी विकृती लपून जाई, तिला लपावयास येथे आडोसाच नव्हता. मग ते गीत पुनःपुन्हा ऐकून पद्धतीत दुरुस्त्या करण्यात आल्या. ‘टॉम्स डायनर’सारखे मिश्रण करावे, अशी इच्छा ब्रांडेनबुर्ग यांना कधी झाली नसावी. त्यांनी ते निवडले ते त्याच्या दुर्घटतेसाठी. युरोपीय प्रसारण संघाने १९८८ साली काढलेल्या परीक्षा-तबकडीत कास्टानेट, ग्लॉकनश्पील, नुसते भाषण असे जे निवडक नमुने आहेत, त्यांमागेही हीच दृष्टी दिसते.

आदर्श आणि कसोटी यांतील हा भेद विसरल्यामुळे किती हानी होते, हे मागील पिढीच्या इतिहासात दिसते. अंकीय ध्वनीला उंचीची एक निश्चित कमाल मर्यादा असते. तिच्या आत राहून मुद्रिका अधिक मोठी भासावी, तर ध्वनीची शिखरे छाटून उरलेला सर्व भाग वर उचलावा लागतो. शेजारच्या यशस्वी मुद्रिकेपेक्षा आपली हळू वाटू नये या भयाने १९९० नंतर प्रत्येकाने हे छाटणे वाढवीत नेले. येथे संदर्भ-मुद्रिका वापरली जात होतीच. पण तिचा तोल नव्हे, तर तिचा मोठेपणा हाच आदर्श ठरला. २००८ साली मेटॅलिका या वृंदाची ‘डेथ मॅग्नेटिक’ निघाली तेव्हा या स्पर्धेचे टोक गाठले गेले. तीच गीते ‘गिटार हीरो’ या खेळासाठी कमी छाटलेल्या रूपात उपलब्ध झाली होती. श्रोत्यांनी दोन्ही ताडून पाहिली आणि मुद्रिकेचे मिश्रण नव्याने करावे, असा अर्ज हजारोंच्या सह्यांनी केला. अखेरचा संस्कार करणारे टेड जेन्सन यांचे म्हणणे असे की, मिश्रणे आपल्याकडे आली तीच छाटलेली होती. एडिसनच्या श्रोत्यांना जी संधी मिळाली नव्हती ती या श्रोत्यांना मिळाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली भासमान उंची मोजण्याची रीत ठरविली व २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस ही पातळी घालून दिली. आता इंटरनेटवरील संगीतसेवाही निरनिराळी गीते सामान्यतः समान उंचीवर आणून ऐकवितात. छाटण्याचा लाभ गेला आणि छाटल्याची विकृती तेवढी त्या मुद्रिकांत उरली.

आपल्याकडील ख्याल वा नाट्यसंगीत यांच्या मिश्रणासाठी काय निवडावे? विद्युत्-पूर्व काळातील तबकड्या गायकीचे अमोल पुरावे आहेत, मिश्रणाचे नव्हेत. तेव्हा कर्ण्यापासून तबला किती दूर आणि पेटी किती जवळ, यावरच प्रमाण ठरे. मिश्रण बैठकीतच होऊन जाई. परदेशी रॉक मुद्रिका समोर ठेवून ख्यालाचे मिश्रण केले, तर तबल्याचा डग्गा ढोलासारखा पुढे येतो आणि तंबोरा कोठल्या कोठे जातो, हा आजच्या पुष्कळ मुद्रणांतील दोष प्रस्तुत लेखकाला याच चुकीच्या निवडीचे फळ वाटतो. आदर्श म्हणून संयत साथीच्या मैफलींची मुद्रणे घ्यावीत. कसोटी म्हणून मात्र केवळ तंबोऱ्याचे मुद्रण पुरेसे आहे. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो, तो उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नये. परंतु तंबोऱ्यात तो ठळकपणे उमटतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ सालीच दाखवून दिले होते, आणि त्याचे कारण त्यांनी घोडीच्या विशिष्ट रचनेत शोधले. जवारीचा हा उपस्वरांचा झोत छाटलेल्या ध्वनीत लगेच बोथट होतो व काटकसरीने साठविलेल्या ध्वनीत कुजबुजू लागतो. मुद्रण आधी मंद आवाजात आणि मग मैफलीच्या उंचीवर, असे दोनदा ऐकावे. गायन सुरू झाल्यावरही ती जवारी दोन्ही वेळा कानी येते की नाही, एवढेच पाहावयाचे असते.